टाकी म्हणजे बॉडीवर्क नव्हे

गेले तीन-चार वीकेंड एकाच विषयावर वेगवेगळ्या लोकांशी वाद घालून झाला. एकदा भूगावच्या पुढच्या चहाच्या टपरीवर, एकदा ऑफिसच्या कँटीनमध्ये, आणि एकदा तर चक्क एका साखरपुड्यात (नवऱ्या मुलाकडेच जिप्सी आहे, मी काय करू?). आता एकदाच काय ते लिहून टाकतो, म्हणजे घसा तरी वाचेल.

विषय असा. ऑफरोडिंगसाठी जुनी जिप्सी घ्यायची. मागून कापायची, बॉडी नवी बनवायची, आणि कंपनीची पेट्रोलची टाकी काढून सीटच्या मागे पत्र्याची एक पेटी बसवायची. या पेटीला हल्ली सगळे जण 'फ्युएल सेल' म्हणतात. माझं म्हणणं एवढंच की ती फ्युएल सेल नाही. ती पेट्रोल भरलेली पत्र्याची पेटी आहे, ती तुमच्या पाठीमागे दीड फुटावर आहे, आणि सगळ्या गाडीत सगळ्यात कमी पैसे आणि सगळ्यात कमी डोकं तुम्ही तिच्यावर खर्च केलंय.

(हायड्रोजनवर वीज बनवणारी फ्युएल सेल वेगळी. रेसिंगवाले ज्याला फ्युएल सेल म्हणतात ती म्हणजे अपघातात फुटू नये म्हणून खास बनवलेली इंधनाची टाकी. नाव एकच, त्यामुळे घोळ होतो.)

आधी टाकी हलवायची गरजच का पडते ते बघू, कारण गरज खोटी नाही. जिप्सीची टाकी असते मागच्या ॲक्सलच्या मागे, खाली लोंबणारी, चाळीस लिटरची. खडकावरून गाडी खाली उतरवताना शेपूट आधी टेकतं. मग लोक शेपूट कापतात. शेपूट कापलं की टाकी ठेवायला जागाच उरत नाही, आणि ती वर येते, बॉडीच्या आत, माणसं बसतात तिथे. इथपर्यंतचं इंजिनिअरिंग मला मान्य आहे. जगभर ऑफरोडवाले हेच करतात. फरक पुढच्या पायरीवर पडतो. कंपनीची टाकी चॅसीच्या खाली, बाहेर, मोकळ्या हवेत होती. गळली तर पेट्रोल रस्त्यावर सांडत होतं. आता गळली तर ते तुमच्या सीटखाली, वायरिंगच्या गुंडाळ्यावर सांडणार. पेट्रोलचा फ्लॅश पॉइंट उणे चाळीस अंशांच्या आसपास असतो. म्हणजे पुण्यातली डिसेंबरची पहाट असो की मेमधली दुपार, त्याच्या वाफेला पेटायला फक्त ठिणगी लागते. हवेत दीड टक्का वाफ झाली की मिश्रण पेटण्याजोगं होतं. बंद हार्डटॉपच्या गाडीत दीड टक्का व्हायला फार पेट्रोल लागत नाही.

म्हणून टाकी आत आणली की ती टाकी राहत नाही, ती एक सिस्टीम होते. आणि ती सिस्टीम काय असते हे रेसिंगच्या दुनियेने माणसं गमावून शिकलेलं आहे. ३० मे १९६४ ला इंडियानापोलिसच्या शर्यतीत दुसऱ्याच फेरीत डेव्ह मॅकडोनल्डची गाडी भिंतीवर आदळून पेटली, मागून येणारा एडी सॅक्स त्या आगीत घुसला, दोघेही गेले. त्यानंतर तिथे रबरी पिशवीच्या टाक्या सक्तीच्या झाल्या. कल्पना लढाऊ विमानांकडून आली होती. पुढे अमेरिकन लष्कराने १९७० पासून ह्युई हेलिकॉप्टरमध्ये न फुटणाऱ्या टाक्या बसवायला सुरुवात केली आणि पडल्यावर वाचलेली माणसं नंतर आगीत भाजून मरण्याचे प्रकार झपाट्याने कमी झाले.

खऱ्या फ्युएल सेलमध्ये तीन गोष्टी असतात. बाहेर धातूचा डबा. त्याच्या आत मजबूत कापडावर रबर चढवलेली लवचिक पिशवी. आणि पिशवीत ठासून भरलेला सच्छिद्र फोम. डबा चेपला तर पिशवी त्याच्याबरोबर चेपते, फाटत नाही. फोम पेट्रोलला हिंदकळू देत नाही आणि वाफेचा एकदम भडका उडू देत नाही, त्याच्या बदल्यात जागा जेमतेम दोन-तीन टक्के खातो. वर झाकणाच्या प्लेटवर हवेची नळी असते, तिच्यात गाडी उलटली की आपोआप बंद होणारा व्हॉल्व्ह असतो. आंतरराष्ट्रीय मोटारस्पोर्टच्या 'एफटी-३' दर्जाच्या पिशवीवर बनवल्याची तारीख छापलेली असते. पाच वर्षं आयुष्य, बनवणाऱ्याने पुन्हा तपासून दिली तर आणखी दोन. त्यानंतर ती दिसायला कितीही धडधाकट असली तरी शर्यतीत चालत नाही. आणि एवढं करूनही २९ नोव्हेंबर २०२० ला बहारीनमध्ये रोमां ग्रोजाँच्या गाडीने पेट घेतलाच. तपासात निघालं की टाकीच्या तपासणीच्या खिडकीचं झाकण उखडलं होतं आणि इंजिनकडे जाणारी जोडणी पिशवीतून तुटून निघाली होती. जगातल्या सगळ्यात महागड्या टाकीचं हे असं, घात झाला तो तोंडाशी. आपल्या पेटीच्या तोंडाशी काय असतं? घराच्या पाण्याच्या टाकीला लावतात तसला नट आणि त्यावर लाल सिलिकॉन.

आता पुण्यात हे काम कसं होतं ते सांगतो. मी चार-पाच गाड्या बनताना जवळून पाहिल्यात, शनिवारी-रविवारी वर्कशॉपमध्ये उभा राहून (बायको त्याला 'तिकडे जाऊन नुसतं बघणं' म्हणते, ते बरोबरच आहे). बॉडीचं काम सुरू झालं की मालकाच्या अंगात येतं. फेंडर फ्लेअर किती इंच बाहेर काढायचे यावर दोन आठवडे चर्चा. रंग मॅट मिलिटरी हिरवा की वाळवंटी पिवळट, यावर व्हॉट्सॲपवर मतदान. बंपर, विंच, छतावर लाइटची पट्टी, स्नॉर्कल. मुळशीत पावसाळ्यात ओढा लागतो म्हणून स्नॉर्कल! ठीक आहे, हौसेला मोल नसतं. मग सगळ्यात शेवटी, पैसे संपत आल्यावर, टाकी. मालक उस्तादला एक फोटो पाठवतो. अमेरिकेतल्या कुठल्यातरी रॉक क्रॉलरचा, चकचकीत ॲल्युमिनिअमची पेटी. "उस्ताद, सेम असं करायचं." उस्ताद विचारतो, "साहेब, साइज काय?" साहेब सीटच्या मागे टेप लावतात आणि आकडा सांगतात. संपली रिक्वायरमेंट. बॉडीवर जितके लाख गेले तितके हजारसुद्धा टाकीवर जात नाहीत.

मंडळी, आपण हिंजवडीत आणि खराडीत दिवसभर काय करतो? एका बटणाचा रंग बदलायचा असला तर तिकीट, रिव्ह्यू, टेस्ट केस. क्लायंटने नुसता स्क्रीनशॉट पाठवून 'सेम असं' म्हटलं तर आपण त्याच्या नावाने मीटिंगभर बोटं मोडतो. आणि तोच माणूस शनिवारी भोसरीत जाऊन उस्तादला तेच सांगतो, तेही पेट्रोलच्या टाकीबद्दल.

यात उस्तादला दोष देणारे लोक मला अजिबात आवडत नाहीत. आपल्याकडे कसब नाही असं नाही. या शहरात कसब्यातल्या तांबट आळीत हातोडीने ठोकून घडवलेले बंब पिढ्यान्‌पिढ्या पाणी गळू न देता तापलेत. भोसरी-चिंचवडच्या छोट्या शेडमध्ये मोठ्या कंपन्यांचे सुटे भाग बनतात, अर्ध्या मिलीमीटरचा फरक पडला तर माल परत येतो, आणि तो परत येऊ नये इतकं काम चोख होतं. आर्गन वेल्डिंगचा सांधा असा की हात फिरवत बसावं. त्याच माणसाला ड्रॉइंग द्या, टेस्ट सांगा, तो तसं करून देईल. आपण देतो काय? फोटो. आणि वर, "जास्त घेऊ नका हं उस्ताद, नुसता डबाच तर आहे."

नुसता डबा. बरं, मग डबा म्हणून तरी तो नीट आहे का ते बघा.

ऑफरोड गाडीची चॅसी पिळली जाते. एक पुढचं चाक दगडावर, तिरकं मागचं खड्ड्यात, की शिडीसारखी चॅसी ओल्या टॉवेलासारखी पिळवटते. म्हणूनच कंपनी बॉडी आणि चॅसीच्या मध्ये रबरी बुश घालते, बॉडीने चॅसीचा पीळ अंगावर घेऊ नये म्हणून. आता या चॅसीवर किंवा रोल केजच्या पाइपांना तुम्ही पेटीचे चारही कोपरे घट्ट वेल्ड केले. अभिनंदन, तुमची पेट्रोलची टाकी आता चॅसीचा एक भाग झाली. दर खड्ड्यात चॅसी पिळायला बघणार आणि टाकी तिला अडवायला बघणार. ॲल्युमिनिअम या खेळात फार वेळ टिकत नाही. चीर नेमकी वेल्डच्या कडेला पडते, केसासारखी बारीक. आधी पेट्रोल दिसत नाही, नुसता वास येतो. "अरे, ऑफरोड गाडीला थोडा वास येणारच," हे वाक्य मी स्वतःच्या कानांनी ऐकलंय. डबा रबरावर बसवून पट्ट्यांनी आवळायचा, किंवा तीन बिंदूंवर टेकवायचा, ही अक्कल पन्नास वर्षं जुनी आहे आणि तिला खर्च काहीच नाही.

दुसरं म्हणजे हिंदकळणं. चाळीस लिटर पेट्रोल म्हणजे साधारण तीस किलो. ब्रेक मारला की हे तीस किलो पुढच्या भिंतीवर आपटतात, चढावर मागच्या. आत बॅफलच्या फळ्या नसतील तर दोन मिलीचा सपाट पत्रा डब्यावर थाप मारल्यासारखा आत-बाहेर होत राहतो आणि परत तीच सांध्याची चीर. शिवाय तिरक्या उतारावर पंपाचं तोंड उघडं पडून इंजिन बंद, नेमकं नको तिथे.

तिसरं, बॉडी. माझा मुख्य राग इथे आहे, कारण बॉडी आणि टाकी ही दोन वेगळी कामं समजून केली जातात. फ्युएल सेल आत ठेवायची असेल तर बॉडीचा पहिला उद्देश तिच्याभोवती भिंत उभी करणं हा असला पाहिजे. माणसं आणि टाकी यांच्यात धातूची सलग, सांधे बंद केलेली भिंत. टाकीच्या खाली ट्रे आणि त्या ट्रेचा ड्रेन थेट गाडीच्या बाहेर. पेट्रोल भरायचं तोंड बॉडीच्या बाहेरच्या बाजूला, म्हणजे भरताना सांडलं तर बाहेर सांडेल, आणि तोंडापासून टाकीपर्यंतचा पाइप लवचिक, म्हणजे बॉडी आणि टाकी वेगवेगळ्या हलल्या तरी तुटणार नाही. तोंडापासून चॅसीपर्यंत अर्थिंगची एक वायर, स्थिर विजेसाठी. या सगळ्याला पत्रा किती लागतो? फारसा नाही. त्याऐवजी आपण काय करतो, तर सगळ्या बाजूंनी तीन मिलीची चेकर्ड प्लेट ठोकतो, कारण ती 'रफ-टफ' दिसते. तीन मिलीचं पोलाद म्हणजे चौरस मीटरला साधारण चोवीस किलो. सव्वा मिलीच्या सीआर पत्र्याच्या अडीचपट. हे वजन बहुतेक वेळा कमरेच्या वरच्या उंचीवर बसतं, गाडीचा गुरुत्वमध्य वर जातो, आणि गाडी उलटण्याची शक्यता आपण पैसे देऊन वाढवतो. उलटल्यावर काम येणारा व्हॉल्व्ह मात्र बसवत नाही. याला काय म्हणावं?

जुगाड म्हणतात म्हणे. आणि अभिमानाने म्हणतात. मला या शब्दाचा आता कंटाळा आलाय. गाडी जंगलात बंद पडली आणि तुम्ही साबणाच्या वडीने टाकीची गळती तात्पुरती बुजवून घरी आलात, तो जुगाड. त्याला माझा सलाम. घरी, गॅरेजमध्ये, हातात सहा महिने आणि बँकेत बोनस असताना केलेलं कच्चं काम हा जुगाड नव्हे, तो निव्वळ आळस.

कोणी म्हणेल, तू सॉफ्टवेअरवाला, तुला काय कळतंय. मान्य. मग ज्यांना कळतं त्यांचं बघू. बाहा एसएई इंडिया ही स्पर्धा सगळ्यांना माहीत असेल, २००७ पासून चालू आहे, इंदूरजवळ पीथमपूरच्या ट्रॅकमुळे प्रसिद्ध झाली. पुण्यातल्या जवळजवळ प्रत्येक इंजिनिअरिंग कॉलेजची पोरं रात्र-रात्र जागून एका माणसाची ऑफरोड बग्गी बनवतात. केज स्वतः वाकवतात, सस्पेन्शन स्वतः डिझाइन करतात, बॉडी पॅनेल स्वतः घडवतात, गिअरबॉक्सपर्यंत मजल जाते. शेवटी चार तासांची एंड्युरन्स शर्यत. आता गंमत बघा. विद्यार्थ्यांनी सगळं स्वतः बनवावं म्हणून जी स्पर्धा भरवली जाते, तिच्या नियमांत इंधनाची टाकी मात्र ठरवून दिलेलीच वापरायची असते, काहीही बदल न करता. तीही चार लिटरच्या आतबाहेर. शिवाय सांडलेलं पेट्रोल गरम भागावर किंवा बॅटरीवर जाऊ नये म्हणून आडोसा, ड्रायव्हर आणि इंजिन यांच्यात धातूची भिंत, आणि इंजिन बंद करायची दोन बटणं, एक ड्रायव्हरपाशी आणि एक बाहेरून हात पोचेल अशी. वेल्डिंगच्या जागी टॅक मारलेला दिसला तरी परीक्षक गाडी बाहेर काढतात. एकोणीस-वीस वर्षांच्या पोरांना चार लिटरची टाकी बनवू न देणारे लोक मूर्ख आहेत का? त्यांना ठाऊक आहे की डिझाइनमधल्या बाकी चुकांनी गाडी बंद पडते, आणि या चुकीने माणूस जातो.

आणि तो माणूस तुम्हीच असाल असं नाही. "छंद आमचा, गाडी आमची, धोका आमचा, तुझं काय जातंय?" हा साखरपुड्यातला सवाल होता. माझं असं जातंय की तुमची जिप्सी मुळशीच्या खडकावर वर्षातले पंधरा दिवस असते आणि चांदणी चौकात उरलेले दिवस. तिच्या मागच्या सीटवर तुमची भाची बसते. तिच्या मागे सिग्नलला पीएमपीची बस उभी असते. वाहनाला मागून धडक बसणं ही शहरातली रोजची गोष्ट आहे, आणि शेपूट कापलेल्या गाडीत मागचा बंपर आणि टाकी यांच्यात उरलेलं अंतर वितीने मोजावं इतकं असतं.

१ जुलै २०२३ च्या रात्री नागपूरहून पुण्याला येणारी बस समृद्धी महामार्गावर बुलढाणा जिल्ह्यात, सिंदखेडराजाजवळ उलटली, डिझेलची टाकी फुटली आणि आग लागली. २५ माणसं गेली. ती बस कुणी हौसेने कापलेली नव्हती, रीतसर नोंदणी झालेली होती, आणि इंधन डिझेल होतं, पेट्रोलच्या मानाने कितीतरी अवघड पेटणारं. माझ्या ओळखीच्या एका कुटुंबातला मुलगा त्याच मार्गावर नेहमी रात्रीच्या बसने यायचा. त्या सकाळी त्याचा फोन लागेपर्यंतची पंचवीस मिनिटं त्याच्या आईने कशी काढली ते मी पाहिलंय. टाकी फुटल्यावर आतल्या माणसांना किती वेळ मिळतो हा प्रश्न आपण बंद कर आणि दार कुठल्या बाजूला यापुरता विचारतो. टाकीला विचारत नाही.

आता सरकार. (इथे टाळ्या मिळतील, पण थांबा.)

मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की नोंदणीच्या वेळी उत्पादकाने दिलेल्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाने गाडीत करू नये. जानेवारी २०१९ मध्ये केरळच्या एका प्रकरणात सुप्रीम कोर्टाने हे आणखी पक्कं केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२-अ आलं, त्यात मालकाला दर बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. ऐकायला कडक. पण नीट बघा, या कायद्याच्या लेखी तुमचा ढबाला बंपर आणि सीटमागची चाळीस लिटर पेट्रोलची पेटी एकाच भावात आहेत. धोक्याप्रमाणे प्रतवारीच नाही. मग होतं असं की पोलीस दिसतं ते पकडतात. रुंद टायर, लाइटची पट्टी, सायलेन्सर. टाकी बॉडीच्या आत असते, ती कुणालाच दिसत नाही. आणि ज्याला ती नीट, तपासून बनवायची आहे त्याच्यासाठी दरवाजाच नाही. एका मित्राने त्याच्या गाडीची टाकी तपासून कागद मिळावा म्हणून एका सरकारी कार्यालयात तीन चकरा मारल्या. तिसऱ्या वेळी टेबलामागच्या गृहस्थांनी प्रेमाने सल्ला दिला, "कशाला विचारता? विचारलंत की नाही म्हणावं लागतं."

हे वाक्य फ्रेम करून लावण्यासारखं आहे. विचारणारा गुन्हेगार, न विचारणारा रस्त्यावर.

हे सगळं पुण्यात व्हावं यासारखा विनोद नाही. वेताळ टेकडीवर १९६६ साली स्थापन झालेली एआरएआय आहे. आपण सकाळी तिच्या कडेने फिरायला जातो आणि टेकडीलाच 'एआरएआय टेकडी' म्हणतो. देशभरातले वाहन उत्पादक आपले नमुने तपासायला जिथे आणतात त्यातली ही एक जागा. नाशिक रस्त्याला भोसरीत सीआयआरटी आहे. म्हणजे टाकी बनवणारा उस्ताद आणि टाकी तपासू शकणारी प्रयोगशाळा यांच्यात रिक्षाचं अंतर आहे. फक्त एकट्या गाडीच्या मालकाला आत जायची सोय नाही, कारण सगळी व्यवस्था हजारो गाड्या बनवणाऱ्या कंपनीसाठी आखलेली आहे.

"छोट्या वर्कशॉपना नियम लावता येत नाहीत" हे कारण मला सांगू नका. बसच्या बॉडी बांधणारे छोटे-मोठे कारखाने देशभर होते आणि आहेत, त्यांच्यासाठी 'एआयएस-०५२' ही बस बॉडी संहिता आणलीच ना? तिची अंमलबजावणी कशी आहे यावर वेगळं भांडू, पण निदान बॉडी बांधणाऱ्याला काय बांधायचं ते लिहून तरी मिळालं. ब्रिटनमध्ये २००९ पासून एकेका गाडीला मंजुरी देण्याची पद्धत आहे. घरी बनवलेली गाडी घेऊन जा, ते तपासतात, नापास झाली तर कारणं लिहून देतात. ऑस्ट्रेलियात 'व्हीएसबी-१४' नावाची बदलांची जाडजूड संहिता आहे, इंधन यंत्रणेवर त्यात वेगळं प्रकरण आहे. तिकडचे लोक आपल्यापेक्षा शहाणे जन्माला येत नाहीत, त्यांना विचारायला खिडकी आहे एवढंच.

माझी मागणी अगदी छोटी आहे. बंपर आणि लाइटचं जे करायचं ते करा, पण टाकी वेगळी काढा. जो टाकी हलवेल किंवा नवी बनवेल त्याला ती तपासून घ्यायची सोय द्या, फी घ्या, टाकीवर नंबर ठोका, आणि बिनतपासणीची टाकी सापडली तर दंड पाच हजार नको, गाडी जप्त करा. आणि ऑफरोडवाल्या क्लबांनी सरकारची वाट बघू नये. मोहिमेला निघण्याआधी आपण टायरची हवा आणि टो-हुक तपासतोच. टाकीचं झाकण उघडून दाखवल्याशिवाय गाडी निघणार नाही, एवढा एक नियम लावायला कुठलं कलम आडवं येतं?

"खरी सेल परदेशातून मागवावी लागते, कस्टम भरून परवडत नाही." नाही ना परवडत? मग कंपनीची टाकी आहे तिथेच ठेवा. तिच्याखाली जाड स्किड प्लेट लावा, शेपूट कापू नका, एखादा खडक सोडून द्या. वळसा घालून जायला लाज कसली? आणि ऑनलाइन 'फ्युएल सेल' म्हणून जो ॲल्युमिनिअमचा डबा स्वस्तात मिळतो, आत फोमचे दोन ठोकळे टाकलेला, त्याच्यात पिशवी नसते. पिशवी नाही तर सेल नाही. विकणारा काय लिहितो याला अर्थ नाही.

ज्यांच्या सीटमागे अशी पेटी आजच्या घडीला बसलेली आहे, त्यांनी एक रविवार काढावा. पेटी उतरवून पूर्ण रिकामी करा, पाण्याने भरा, सगळी तोंडं बंद करा. एका तोंडाला पारदर्शक नळी जोडा, ती नळी सरळ वर न्या, पहिल्या मजल्याच्या बाल्कनीपर्यंत, टाकीपासून तीन मीटरच्या जरा वर, आणि नळीही पाण्याने भरा. पाण्याचा तीन मीटरचा स्तंभ म्हणजे जवळजवळ ०.३ बार दाब. इंधन टाक्यांच्या संयुक्त राष्ट्रांच्या नियमावलीत, आर-३४ मध्ये, टाकीने निदान एवढा दाब एक मिनिट न गळता, न चिरता सोसला पाहिजे असं म्हटलंय. तुम्ही पाच मिनिटं ठेवा. सांध्यांवर खडू फासून ठेवा, ओल आली की लगेच दिसते. हवा भरून ही टेस्ट कधीही करू नका, टाकी फुटली तर हवा स्फोटासारखी सुटते, पाणी नुसतं सांडतं. मग नळी काढा, टाकी नव्वद टक्के पाण्याने भरून, हवेची नळी जशी असते तशी ठेवून, कुशीवर आडवी करा, मग पूर्ण उलटी. त्याच नियमावलीत गळतीची हद्द मिनिटाला तीस ग्रॅम आहे, म्हणजे दोन मोठे चमचे. तुमची किती गळते ते वाटीत धरून मोजा. आणि चीर सापडली तर पेट्रोल पिऊन बसलेल्या त्या टाकीला पुन्हा वेल्डिंगचा टॉर्च लावू देऊ नका, उस्ताद कितीही म्हणाला तरी. वाफ सांध्यात आणि फोममध्ये मुरलेली असते. टाकी भंगारात द्या, तीही भोकं पाडून.

एक शेवटचं, कारण हे नवीन आहे आणि जुन्या गाड्यांना लागू आहे. २०२५ पासून पंपावर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतंय. पाच-सात वर्षांपूर्वी टाकीत टाकलेला फोम, त्या वेळचे रबरी पाइप, ऑरिंग यांच्यापैकी काय काय इथेनॉलसाठी बनवलेलं होतं हे बनवणाऱ्यालाही सांगता येणार नाही. झाकण उघडा, हात घाला, फोम बाहेर काढून चुरगाळून बघा. बोटांना भुसा लागला तर तोच भुसा तुमच्या फिल्टरमध्ये आहे, आणि फोम जागेवर नाहीच.